केंब्रिजचा बटाटा आणि मुंबईची नीरा

परदेशी विद्यापीठात जीवशास्त्राचे संशोधन शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा बहुतेक काळ प्रयोगशाळेत जातो. तेथे व्याख्याने थोडी असतात आणि मार्गदर्शक पुढ्यात ठेवतो तो न सुटलेला प्रश्न. या शिक्षणाचे स्वरूप आणि मोल कळण्यासाठी कमला सोहोनी, माहेरच्या कमला भागवत, यांनी केंब्रिजमध्ये केलेला अभ्यास विज्ञानाच्या प्रत्येक स्नातकाने बारकाईने पाहावा असा आहे.

भागवतांच्या घरात विद्येचा वारसा होता. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनतज्ज्ञ, तर लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवून कमलाबाईंनी बंगलोरच्या त्याच संस्थेत अर्ज केला. त्या स्त्री आहेत म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष परीक्षेचे राहील आणि कामाचा दर्जा पटल्यावरच त्याला मान्यता मिळेल. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले, १९३६ मध्ये एम.एस्सी. पूर्ण केली आणि पुढे संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही उघडली. केंब्रिजला जाण्यापूर्वीच प्रयोगाची शिस्त त्यांच्या अंगी बाणलेली होती.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोहोचल्या. जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स यांना जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. स्त्रियांना बरोबरीने काम देणारा विभाग अशी त्याची ख्याती होती. तेथे कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या वनस्पतींच्या ऊतींवर संशोधन करणाऱ्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. प्रकाशसंश्लेषणातील ‘हिल अभिक्रिया’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हिल.

त्या वेळचा प्रश्न श्वसनाचा होता. केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी १९२५ मध्ये प्राण्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये सायटोक्रोम ही लोहयुक्त रंगद्रव्ये दाखवून दिली होती. पेशीतील अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन ही द्रव्ये पुढे पुढे देतात आणि शेवटी ते ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. पण वनस्पतींच्या पेशीही याच वाटेने श्वसन करतात का, याविषयी मतभेद होते. हिरव्या पानात शोध घेणे कठीण, कारण हरितद्रव्याच्या गडद रंगापुढे सायटोक्रोमचा फिका रंग दिसत नाही. बटाट्याच्या कंदात ती अडचण नाही. दुसरी मात्र आहे. बटाट्याची फोड उघडी ठेवली की काळवंडते, कारण पेशीतील फिनॉल संयुगांचे ऑक्सिजनशी संयोग घडवणारे एन्झाइम लगेच कामाला लागते. बटाट्याच्या श्वसनाचा मुख्य भार याच एन्झाइमवर असावा, असेही काही संशोधकांना वाटत होते. म्हणून ऊतीचा अर्क काढताना ही काळवंडणारी क्रिया बाजूला ठेवून उरलेल्या घटकांची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागे. सायटोक्रोम सी इलेक्ट्रॉन घेते, तेव्हा वर्णपटात ५५० नॅनोमीटरच्या आसपास एक ठसठशीत काळी रेघ उमटते. इलेक्ट्रॉन पुढे गेले की ती पुसट होते. अशा खुणांवरून वनस्पतींतही सायटोक्रोमची व्यवस्था काम करते, हे कमलाबाईंच्या संशोधनातून पुढे आले.

या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. बटाटा, यीस्ट आणि माणूस यांच्या पेशी ऊर्जा मिळवताना एकाच जातीच्या रेणूचा आधार घेतात. पुढे या प्रथिनाची रचना उलगडली, तेव्हा माणूस आणि चिंपांझी यांच्या सायटोक्रोम सीमधील १०४ अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत सारखा आढळला. सजीवांचे नाते मोजण्याचे ते एक विश्वासार्ह साधन ठरले.

कमलाबाईंनी सुमारे चौदा महिन्यांत, अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर, १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. स्त्रियांना पूर्ण अधिकारासह पदवी देण्यास केंब्रिजने १९४८ मध्ये सुरुवात केली. म्हणजे कामाचा दर्जा सिद्ध झाल्यानंतरही मानासाठी स्त्रियांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. आज पदवीदान मंडपात विद्यार्थिनी बरोबरीने बसतात. हा हक्क किती उशिरा आणि किती झगडून मिळाला, याची जाण प्रत्येक पदवीधराला असायला हवी.

१९३९ मध्येच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि १९४७ नंतर मुंबईची विज्ञान संस्था हे त्यांच्या कार्याचे टप्पे. मुंबईत त्यांनी केंब्रिजची पद्धत घरच्या अन्नाला लावली. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिने असतात. त्यांचा अभ्यास कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत झाला. डाळी नीट शिजवल्याने त्या पचायला हलक्या का होतात, याचा एक खुलासा या प्रथिनांत आहे, कारण उष्णतेने त्यांतील बहुतेकांची शक्ती जाते. ताडामाडाच्या ताज्या रसावर, म्हणजे नीरेवर, त्यांनी दीर्घ संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात ती उपयोगी ठरू शकते, असे त्यांना आढळले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या आणि ग्राहक चळवळीतही त्यांनी मनापासून काम केले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

परदेशी शिक्षणाची खरी मिळकत प्रश्न नेमका मांडण्याच्या सवयीत, पुरावा तपासण्याच्या पद्धतीत आणि निष्कर्षाला लागणाऱ्या धीरात असते. ती प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते. पुढच्या कामातून दिसते. ज्या स्नातकांना बाहेर जाण्याची संधी मिळेल, त्यांनी तेथे नामवंत संस्थेइतकाच चांगला प्रश्न शोधावा. ज्यांना ती मिळणार नाही, त्यांनी स्वतःला उणे मानू नये. कमलाबाईंच्या संशोधनाची पायाभरणी बंगलोरमध्येच झाली होती. आणि शिक्षण कुठेही झालेले असो, आपल्या समाजाचे आरोग्य, अन्न आणि शेती यांतला एखादा तरी प्रश्न प्रत्येक पदवीधराने आपला मानावा आणि तो सुटेपर्यंत सोडू नये.