ब्रेक पायाला नाही, मापाला विचारा

मी झाशीच्या सदर बाजारातून बोलतोय. छावणीला लागून असलेला हा बाजार. निवृत्तीनंतर इथेच राहिलो. माझी नोकरी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची वाहनं आणि यंत्रं दुरुस्त ठेवणाऱ्या दलात झाली. आज ब्रेकबद्दल बोलू.

आधी माझी एक चूक सांगतो. १९८८ साली मी कॅप्टन होतो, डोंगराळ भागात पोस्टिंग होतं. एक जोंगा तपासणीला आली. मी पॅडल दाबून पाहिलं, कडक होतं. ब्रेक ऑइल कधी बदललं, तो रकाना वहीत कोरा होता. तरीही मी सही केली. दोन दिवसांनी लांब उतारावर पॅडल थेट जमिनीला टेकलं. ड्रायव्हरने गाडी खालच्या गियरमध्ये टाकून डोंगराच्या बाजूला घासवली. सगळे वाचले, त्याचा पाय मात्र मोडला. इस्पितळात तो मला म्हणाला, “साहेब, पॅडल सकाळपर्यंत ठीक होतं.” ते ठीकच होतं, आणि मी फसलो तो तिथेच.

असं का होतं? ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. उतारावर सतत ब्रेक दाबला की ते तापतं, उकळतं, वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग पॅडल खाली जातं आणि चाक थांबत नाही. थंड गाडीत पायाला यातलं काहीच कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात इथल्या एका मिस्त्रीला मी ऑइल तपासायचं पेन दाखवलं. तो हसला, “कर्नल साहब, पैर बता देता है.” मी म्हटलं, माझ्याही पायाने सांगितलं होतं. मग जोंगाची गोष्ट सांगितली. त्याने गप्प बसून पेन घेतलं आणि समोरच्याच गाडीच्या टाकीत बुडवलं. लाल दिवा लागला. गाडी त्याच्या भाच्याची होती.

हे पेन ऑइलमधून वीज किती वाहते त्यावरून पाण्याचा अंदाज देतं. डॉट ३ की ४, ते आधी त्यावर लावावं लागतं. अंदाजच तो, नक्की आकडा हवा तर ऑइलचा नमुना उकळवून पाहणारं यंत्र लागतं. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजा; किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. ब्रेक मारताना पॅडल थरथरत असेल तर डायल गेज लावून डिस्क हळूहळू फिरवा, ती किती लचकते ते काटा सांगतो. डाव्या-उजव्या चाकांचा जोर सारखा आहे का, हे फिटनेस केंद्रातलं रोलर यंत्र दाखवतं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर हे आधी पाहा.

एक तपासणी घरी करा, तिला हत्यार लागत नाही. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा. मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. दाबून धरलेलं पॅडल हळूहळू खालीच जात राहिलं, तर गाडी बाहेर काढू नका.

आणि मिस्त्रीला विचारा: डबा आज फोडला की महिन्यापासून उघडा आहे? उघड्या डब्यातलं ऑइलही ओल पितं. साधं इंजिन ऑइल तर चुकूनही नको. रबरी सील फुगतात.

त्या मिस्त्रीने आता दुकानात वही ठेवली आहे. ऑइल बदलल्याची तारीख, गाडीचा नंबर. तुमच्या गाडीच्या वहीत तो रकाना कोरा आहे का, तेवढं आज बघा. कोरा असेल तर सही करू नका.

जय हिंद.