पाठ टेकल्यावर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आपल्याकडे कुस्तीत पाठ टेकली की डाव संपला. ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये मात्र पाठ टेकल्यावरही डाव चालूच राहतो, म्हणून आज हा विषय घेतला. सल्ला केंद्रात बायका जे सांगतात त्यात ‘मी खाली, तो वर’ हे पुन्हा पुन्हा येतं. आणि आपल्या स्वसंरक्षणाच्या वर्गात जवळजवळ सगळं उभ्याने शिकवतात!

आपण उताण्या, तो आपल्या पायांमध्ये गुडघ्यांवर, आणि आपले पाय त्याच्या कमरेमागे घोट्यांशी अडकवलेले. ह्याला ‘क्लोज्ड गार्ड’ म्हणतात. दंडांपेक्षा मांड्यांत कितीतरी जास्त बळ असतं, ते इथे कामाला येतं. त्याला आधी जवळ ओढून ठेवायचं, म्हणजे ठोसा मारायला जागा मिळत नाही.

तो ताठ होऊन मागे सरू लागला की पाय सोडून त्याच्याबरोबरच उठून बसायचं. डावा हात मागे जमिनीवर टेकवायचा, उजवा त्याच्या उजव्या खांद्यावरून टाकून दंडाला वेढा घालायचा आणि कमरेने धक्का द्यायचा. तो उलटला तर आपण वर. पण तो उलटणार नाही, पडू नये म्हणून उजवा हात जमिनीला टेकवेल. तेच मनगट डाव्या हाताने धरायचं. वेढा घातलेल्या उजव्या हाताने आपलंच डावं मनगट पकडायचं, मागे पडायचं आणि त्याचा हात पाठीकडे पिळायचा. ही ‘किमुरा’. ती चुकवायला तो डोकं खाली घालून अंगावर रेटला, तर मान आपल्या बगलेत आलीच.

मासाहिको किमुरांनी १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये एलिओ ग्रेसींना ह्याच पकडीने हरवलं. हरलेल्यांच्या देशाने जिंकणाऱ्याचं नाव डावाला दिलं, हे मला फार आवडतं. नावं सगळी पुरुषांची, खरं आहे. पण इव्होन दुआर्ते यांनी १९९० साली ब्लॅक बेल्ट मिळवला, तो स्त्रियांमधला पहिला.

पहिला डाव फसणार हे ह्यात धरलेलंच आहे. एकच हिसडा शिकलेली मुलगी तो फसला की गोठते. इथे त्याने दिलेलं उत्तर हीच आपली पुढची संधी असते.

आता एक बजावून सांगते. मथुरा खटल्यात अंगावर जखमा नाहीत म्हणून प्रतिकार नव्हता, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने काढला होता. उद्या कुणी विचारेल, “शिकली होतीस ना, मग का नाही केलंस?” हा प्रश्न आपल्यापैकी कुणाच्याही तोंडून येता कामा नये. चाकू असेल, दोघे-तिघे असतील, तर हे डाव अपुरे आहेत. आणि भीतीने शरीर थिजतं, तो गुन्हा नव्हे.

सुटका झाली की उठून पळायचं, तिथे पकड धरून बसायचं नाही.

चला, सतरंज्या पसरा. बांगड्या, ओढण्या काढून ठेवा. जिला कुणी अंगाशी आलेलं सहन होत नसेल तिने नुसतं बघावं, कारण विचारू नका. जोडीदारणीने दोनदा थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं.