ग्रामसभेचं साल पाडव्याला सुरू होतं

(मे २०१३ मध्ये कळमनुरी आणि औंढा तालुक्यांतल्या वाड्यांच्या एकत्र बैठकीत केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे.)



तुमच्या वाडीच्या ग्रामसभेनं वर्षभरात काय केलं ते मांडा, असं आम्हाला सांगितलं होतं. कागदावर मांडायचं तर चार ओळींत होतं. वनहक्क समिती नीट बसवली, दावे भरले, जागेवर पाहणी केली, ठराव घेऊन फाईल उपविभागीय समितीकडं दिली. संपलं. पण त्या चार ओळींच्या मधी काय काय अडलं ते सांगितल्याबिगर तुमच्या कामाचं त्यात काही नाही. म्हणून जरा लांबण लावतो, कंटाळू नका.

पहिली गोष्ट सालाची. सरकारी ग्रामसभेच्या तारखा आपल्याला तोंडपाठ आहेत. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. आता ह्या चार तारखा आपल्या घरात आणून ठेवा आणि बघा. १ मेला उसावरून माणसं परत आलेली असतात, अंग मोडलेलं असतं, पण गाव भरलेलं असतं. १५ ऑगस्टला खुरपणी चालू असते, सगळे शिवारातच. २ ऑक्टोबरला सोयाबीन काढायला आलेलं असतं आणि मुकादम दारात बसलेला असतो. आणि २६ जानेवारीला? वाडीत म्हातारी, शाळेतली काही लेकरं अन् कुत्री. बाकी सगळं गाव पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. म्हणजे गडीच जातो असं नाही, बाईपण जाते.

ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेला यानं फारसं अडत नाही. तिथं मतदारांच्या शंभरातले १५ किंवा एकूण १०० माणसं, जे कमी असेल तेवढी आली की सभा भरली. वनहक्काच्या ग्रामसभेचं तसं नाही. २००८ च्या नियमात दोन तृतीयांश माणसं लागायची. सप्टेंबर २०१२ मध्ये नियम बदलले, तवा ते निम्म्यावर आणलं. गावातल्या जाणत्या बाया-गड्यांपैकी निम्मे हजर पाहिजेत, आलेल्यांत एक तृतीयांश तरी बाया पाहिजेत. आणि दाव्यांचा ठराव असेल तर दावेदारांपैकी निम्मे तरी, स्वतः नाहीतर त्यांच्या वतीनं कुणीतरी, तिथं पाहिजेत. आता सांगा, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत आपल्या वाडीत हे कसं जमायचं?

यंदाच्या जानेवारीत नेमकं हेच समोर आलं. तारीख जवळ आली, वरून घाई, दाव्यांचा ठराव ह्याच सभेत घेऊन टाका. आम्ही म्हणालो, माणसं कुठायत? तर उत्तर मिळालं, रजिस्टर इथंच आहे, आल्यावर अंगठे घेऊ. कोण म्हणालं त्याचं नाव घ्यायचं कारण नाही, असं म्हणणारं माणूस तुमच्याही गावात असेल. आम्ही नाही म्हणून सांगितलं. बाकीचे विषय होऊ दिले, दाव्यांचा विषय त्या सभेत घेतला नाही. आमच्यातले दोघं-तिघं नाराज झाले, एवढं वर्ष थांबलो, अजून किती थांबायचं म्हणून. त्यांचं बरोबरच होतं. पण खोट्या हजेरीवरचा ठराव हा आपल्याच हातानं आपल्या दाव्याला लावलेला सुरुंग. उद्या कुणी विचारलं की अमका अंगठा त्या दिवशी फडात होता का वाडीत, तर कारखान्याची स्लिपच आपल्या विरोधात साक्ष देईल. एकाचा नाही, सगळ्या गावाचा ठराव पडेल.

म्हणून आम्ही ठरवलं की सालगड्याचं साल जसं पाडव्याला सुरू होतं तसंच ग्रामसभेचंही धरायचं. पाडवा ते दसरा, ह्या काळात जे जे हजेरीचं काम आहे ते सगळं. दसरा ते पाडवा, जे थोड्या माणसांत होतं ते. ऐकायला सोपं वाटतं. पण हे एकदा ठरल्यावर कुठलं काम कधी हे सगळं बदललं.

जागेची पाहणी आम्ही गेल्या मे महिन्यातच उरकली. कारण असं की मे महिन्यात रान उघडं असतं. जुना बांध, दगडाची ताल, पडकी विहीर, सगळं नजरेला पडतं. ऑगस्टात गवत कमरेएवढं, बांध दाखवायचा कुणाला? आणि हे बांध म्हणजे नुसती दगडं नाहीत. नियम १३ मध्ये जे पुरावे सांगितलेत त्यात घर, झोपडी, जमीन सपाट केलेली, बांध घातलेले, हे सगळं मोजलंय. दंडाची पावती नाही म्हणून दावा होत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दोन पुरावे लागतात, त्यातला एक बांध असू शकतो आणि दुसरा म्हाताऱ्या माणसाचा जबाब. उपग्रहाचा नकाशा दाखवून कुणी म्हणालं की इथं शेतीच दिसत नाही, तर तो नकाशा जोडीला घ्यायचा आहे, बाकीच्या पुराव्याच्या जागी नाही, असं नव्या नियमात आहे.

पाहणीची नोटीस वनखात्याला आणि महसूलला लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला कागद म्हणजे तोंडी बोलणं. ते आले नाहीत आणि नंतर म्हणाले की आमच्या माघारी पाहणी झाली, तर दावा परत ग्रामसभेकडं येतो. पुन्हा बोलावूनही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय राहतो. आमच्याकडं पहिल्या खेपेला कुणी आलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आले, सही पण केली.

आता हिवाळ्याचं काम. गावात उरतात ती म्हातारी माणसं. सगळे म्हणतात गाव रिकामं झालं. आम्ही म्हणतो, जबाब घ्यायला ह्याच्यासारखा काळ नाही. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब पुराव्यात धरला जातो, आणि हीच माणसं तवा निवांत शेकोटीला बसलेली असतात. शाळा शिकलेल्या पोरींनी वह्या घेतल्या आणि संध्याकाळी एकेका घरी बसल्या. कुठून कुठवर कुणाचं वावर होतं, मोहाचं कुठलं झाड कुणी वेचायचं, जनावरं कुठल्या ओढ्यावर जायची, गावदेव कुठं होता. वैयक्तिक दाव्यासाठी आपल्याला एवढं मागं जायची गरज नाही. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात अन् कसणुकीत होती एवढंच दाखवायचंय. पण सामूहिक दाव्याला ह्याच जबाबांचा आधार झाला.

आणि आपल्या शेजारच्या तांड्याला, दलित वस्तीला तर ह्याच्याबिगर मार्गच नाही. त्यांना तीन पिढ्या, म्हणजे २००५ च्या मागं ७५ वर्षं दाखवावी लागतात. हिशोब करा, ते १९३० साल येतं. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कागद उर्दूत. असे दोन-तीन कागद घराघरांतल्या पत्र्याच्या पेटीतून निघाले, कुणाला वाचता येईनात. कळमनुरीत उर्दू वाचणारी जुनी माणसं आहेत, त्यांच्याकडून वाचून घेतले. एक कागद नुसता बैल विकल्याचा निघाला. हसू नका, त्यात गावाचं नाव अन् साल होतं. आपले काही लोक म्हणतात, समितीत दोन तृतीयांश आदिवासी पाहिजेत, मग त्यांचं ओझं आपण कशाला घ्यायचं? पण जंगल राखायचं तर एका बाजूनं आपण राखून दुसऱ्या बाजूनं त्यांना परकं करून कसं जमेल? ढोरं एकाच ओढ्यावर पाणी पितात.

पेसाचं पण बोलतो, कारण दर बैठकीत निघतं. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. नांदेडचं किनवट आहे, कळमनुरी-औंढा नाही. त्यामुळं १९९६ चा पेसा कायदा आपल्याला लागत नाही. पण वनहक्क कायदा अनुसूची बघत नाही, जंगल बघतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला पेसा आहे हे खरं, पण १५ ऑगस्ट २००९ ला १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो वनहक्क कायद्यानं. तरी बांबू तोडायला अजून दीड-पावणेदोन वर्षं भांडावं लागलं. २७ एप्रिल २०११ ला वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्या गावाचं एक आम्हाला घ्यावंसं वाटतं. तिथं बहुमतानं निर्णय करत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसतात. आम्हाला ते अजून जमत नाही, आमच्याकडं दोन तास झाले की माणसं उठतात.

आणि गेल्या महिन्यात, १८ एप्रिलला, सुप्रीम कोर्टानं ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगराबद्दल सांगितलं की तिथल्या खाणीनं लोकांच्या हक्काला, देवस्थानाला धक्का लागतो का हे ग्रामसभांनी ठरवावं. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीचा प्रश्न डोंगरातल्या वस्त्यांच्या सभेपुढं आला. तिथंही हजेरीचं रजिस्टर लागणारच.

वाडीची सभा वेगळी का गट ग्रामपंचायतीची एकच, हाही घोळ असतो. पाच वाड्यांची मिळून पंचायत, त्यात आपण मूठभर, सभा मोठ्या गावात. गेल्या जुलैत केंद्राच्या आदिवासी मंत्रालयानं लेखी कळवलंय की वनहक्काची सभा पंचायतीच्या पातळीवर न घेता गाव, वाडी, पाड्याच्या पातळीवर घ्यावी. त्या पत्राची प्रत आमच्याकडं आहे, ज्यांना पाहिजे त्यांनी जाताना घेऊन जा.

आता उचलीचं. हे सगळ्यात अवघड. मुकादमाची उचल एकदा घेतली की ते माणूस सभेचं राहत नाही, मुकादमाचं होतं. म्हणून आम्ही १५ ऑगस्टच्या सभेतच रोजगार हमीच्या कामांची यादी मंजूर करून घेतली, समतल चर, बांधबंदिस्ती, तळ्यातला गाळ. आणि सप्टेंबरात, उचल वाटायच्या आधी, नमुना ४ चे अर्ज सामूहिक दिले. तारखेसह पोच घेतली. पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता. काम निघालं, उशिरा निघालं, मजुरी त्याहून उशिरा आली. तरी काही जोडप्यांनी यंदा कोयता बांधला नाही. थोडीच आहेत, मोठेपणा सांगत नाही. पण हिवाळ्यात वाडीत संध्याकाळी चार चुली जास्त पेटल्या. दुष्काळाचं साल असूनही.

पाडव्यानंतर माणसं आली, एप्रिलच्या शेवटी सभा भरली. निम्म्याच्या वर माणसं, बाया पुढं बसलेल्या. दाव्यांवर नवरा-बायको दोघांची नावं आहेत का हे एकेक वाचून दाखवलं, कारण पट्टा दोघांच्या नावानं निघतो. एका गड्यानं कुरकुर केली, त्याच्या बायकोनंच त्याला गप्प केलं. ठराव झाला. फाईल गेली. वरून नामंजूर झालं तर कारणासह लेखी मागायचं आणि ६० दिवसांत अपील करायचं, हेही त्याच ठरावात लिहून ठेवलंय.

राहिलं ते सामूहिक हक्काच्या हद्दीचं. ओढ्यापलीकडची हद्द खालच्या वाडीबरोबर अजून चालून ठरवायची आहे, आणि मृग लागला की कुणाला वेळ नाही. त्यामुळं खालच्या वाडीवाल्यांनी येत्या शनिवारी सकाळी जुन्या माणसांना घेऊन मोठ्या मोहापाशी यावं. कुऱ्हाड आणायची नाही, चुना अन् दोरी आम्ही आणतो. भाकरी बांधून आणा, वर पाणी नाही.