पंधरा तारखेचा आकडा



पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं आणि हडपसर मागे पडलं, की लोणी काळभोरच्या आसपास पेट्रोल-डिझेलचे टँकर दिसायला लागतात. तेल कंपन्यांचे मोठे डेपो इथे आहेत. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपाला कच्च्या तेलाचं जहाज लागतं. तिथून ते तेल माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांत जातं. तयार झालेलं पेट्रोल-डिझेल हिंदुस्थान पेट्रोलियमच्या भूमिगत वाहिनीतून घाट चढून लोणीला येतं आणि तीच वाहिनी पुढे सोलापूरजवळ पाकणीपर्यंत जाते. देशाच्या आयातीतली सगळ्यात मोठी बाब जिथे उघड्या डोळ्यांनी दिसते, अशी गावं फार नाहीत. लोणी त्यांतलं एक. म्हणून आजचा विषय, आयात-निर्यातीचा महिन्याचा आकडा, तिथून सुरू करतो.

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास दिल्लीचं वाणिज्य मंत्रालय मागच्या महिन्याची आयात-निर्यात जाहीर करतं. बंदरं, विमानतळ आणि सीमेवरची कस्टमची ठाणी इथल्या नोंदी कोलकात्याच्या सांख्यिकी महासंचालनालयात गोळा होतात आणि तिथे बेरीज होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येतो, ‘व्यापार तूट वाढली’ किंवा ‘तूट घटली’. वाढली म्हणजे वाईट, घटली म्हणजे चांगलं, असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

आता तेलाचं पाहा. 2022-23 मध्ये आपण सुमारे 23 कोटी टन कच्चं तेल बाहेरून आणलं आणि त्याचं बिल झालं साधारण 157 अब्ज डॉलर. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. पुढच्या वर्षी तेल जवळपास तेवढंच आणलं, पण बिल उतरलं 132-133 अब्जांवर. पंचवीसेक अब्ज डॉलर वाचले ते काही आपण गाड्या कमी चालवल्या म्हणून नव्हे, बाजारात पिंपाचा भाव उतरला म्हणून. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांहून अधिक परदेशातून येतं, त्यामुळे भाव जरा हलला की महिन्याची तूट हलते. यात देशाच्या कर्तबगारीचा किंवा नालायकीचा प्रश्न फारसा नसतो.

आणि तूट नाहीशी झाली तर? तसंही एकदा झालं. जून 2020. तब्बल अठरा वर्षांनी एका महिन्यात आपली वस्तूंची निर्यात आयातीपेक्षा जास्त भरली, सुमारे 79 कोटी डॉलरनी. टाळेबंदीचे दिवस होते ते. त्याआधी एप्रिलमध्ये देशातला इंधनाचा खप जवळपास निम्म्यावर आला होता. जूनमध्ये निर्यात बारा टक्क्यांनी घसरली, पण आयात त्याहून कितीतरी जास्त, 47 टक्क्यांहून अधिक आपटली. कारखाने पुरते चालत नव्हते, सराफांकडे गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून हिशेब शिलकीत गेला. अशी शिलक कोणाला हवी आहे?

तेलासारखीच आयातीतली दुसरी मोठी बाब म्हणजे सोनं. इथे एक किस्सा सांगायलाच हवा. डिसेंबर 2024 मध्ये नोव्हेंबरचे आकडे आले. सोन्याची आयात 14.86 अब्ज डॉलर, आणि एकूण तूट 37.84 अब्ज, म्हणजे तोवरचा उच्चांक. त्याच दिवसांत रुपयानं डॉलरच्या तुलनेत नवा नीचांक गाठला. जुलैमध्ये सोन्यावरचं आयात शुल्क पंधरा टक्क्यांवरून सहावर आणलं होतं, त्याचाच हा परिणाम, असं तज्ज्ञांनी समजावून सांगितलं. समजावून सांगणं झालं, लेख छापून आले, आणि जानेवारीत दुरुस्ती आली: सोनं 14.86 नव्हे, 9.84 अब्ज. पाच अब्ज डॉलरचं सोनं कागदावरून उतरलं! नोंदी एका संगणक प्रणालीतून दुसरीत नेताना काही सोनं दोनदा मोजलं गेलं, असं कारण पुढे आलं. महिन्याचा आकडा हा पहिल्यांदा कच्चाच असतो, नंतर तो सुधारला जातो, हे सरकार दरवेळी म्हणतंही. पण दुरुस्तीला पहिल्या पानावर जागा मिळत नाही.

महिन्याच्या आकड्यात पंचांगाचाही हात असतो. 2024 ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात गेली. 2025 मध्ये लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आलं. त्या ऑक्टोबरात सोन्याची आयात साडेचौदा अब्जांच्या वर गेली आणि तूट 41.68 अब्जांवर पोचली. सोन्याचा भाव भडकलेला होता हे खरंच, अमेरिकेनं ऑगस्टअखेर लादलेलं पन्नास टक्के शुल्कही निर्यातीला नडलं, पण आदल्या ऑक्टोबरशी तुलना करताना सण किती सरकला, सुट्ट्या किती आल्या हेही बघावं लागतं. मार्चमध्ये निर्यात फुगते, ती वर्षअखेरची घाई असते. तेव्हा मार्च-एप्रिलची तुलना करून निर्यात कोसळली म्हणणारा माणूस एक तर घाईत असतो किंवा विरोधी पक्षात.

आता कांदा. डिसेंबर 2023 मध्ये सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि मे 2024 मध्ये ती किमान भाव आणि चाळीस टक्के शुल्क लावून उघडली. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या आणि नाशिक-नगरच्या शेतकऱ्याचं त्यात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि देशाच्या आकड्यात? 2022-23 मध्ये आपण 25 लाख टन कांदा बाहेर पाठवला, 4,522 कोटी रुपयांचा. देशाच्या त्या वर्षीच्या वस्तुनिर्यातीत हजार रुपयांमागे सव्वा रुपया! बाजार समितीत माल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचं अख्खं साल दिल्लीच्या पत्रकात दशांश चिन्हानंतर शोधावं लागतं.

हे झालं वस्तूंचं; सेवांचा हिशेब वेगळा चालतो. तिथे कंटेनर नाही, कस्टमचा शिक्का नाही. 2024-25 मध्ये वस्तूंच्या व्यापारात सुमारे 283 अब्ज डॉलरची तूट होती आणि सेवांच्या व्यापारात सुमारे 189 अब्जांची शिलक. पुण्याच्या मगरपट्ट्यात, खराडीत, हिंजवडीत बसून परदेशी कंपनीचं काम करणारी मुलं-मुली ती शिलक टाकतात. लोणीत राज कपूर यांची राजबाग होती, तिथे आता विद्यापीठ आहे; परदेशातून तिथे शिकायला कोणी आलं आणि फी भरली, तर तीही निर्यात. उलट, हडपसरचा एखादा बाप कर्ज काढून मुलीला जर्मनीला शिकायला पाठवतो, तेव्हा तिचा तिथला खर्च आयातीत धरला जातो. हा सगळा हिशेब बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून मंत्रालयाच्या पत्रकातला सेवांचा ताज्या महिन्याचा आकडा हा अंदाजच असतो. रिझर्व्ह बँकेचा आकडा हाती येईपर्यंत वर्तमानपत्रं पुढच्या महिन्याची तूट छापायला बसलेली असतात.