बोधिवृक्ष जपायचा म्हणजे नेमकं काय जपायचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनी हिशेब वाचला जातो, दानदात्यांचे आभार मानले जातात. यंदा मात्र समितीपुढे एक प्रश्न येऊन पडला आहे आणि तो आम्ही समितीच्या वतीने सर्वांसमोर मांडत आहोत. आपल्या अंगणातला पिंपळ वाळत चालला आहे. रस्त्याकडची मोठी फांदी पूर्ण वाळली, बुंध्याला पोकळी पडली. जुनी मंडळी म्हणतात, लागेल तो खर्च करा, पण झाड वाचवा. याच झाडाखाली आमची लेकरं त्रिशरण-पंचशील शिकली. तरुण मुलं म्हणतात, धम्मदानाचा पैसा वाळल्या लाकडावर घालण्यापेक्षा अभ्यासिकेत पुस्तकं आणा. दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत, आणि खोटं कुणाचंच नाही. म्हणून भावनेच्या भरात न जाता थोडा विचार करू या.

पहिला प्रश्न असा की, धम्मात झाडाचा आदर आहे का? आहे. कालिंगबोधि जातकाच्या प्रस्तावनेत एक हकिकत येते. भगवान बुद्ध चारिकेला गेले की जेतवनात फुलं घेऊन आलेल्या लोकांना वंदन कुठं करावं ते कळेना. आनंदांनी विचारलं, तेव्हा तथागतांनी बोधिवृक्ष हे वंदनीय चैत्य असल्याचं सांगितलं. मग बोधगयेच्या झाडाचं बी आणून अनाथपिंडिकाने ते जेतवनात लावलं. तोच आनंदबोधी. यातली गोम लक्षात घ्या. लोकांना मूळ झाडाची ढलपी आणून दिली नाही, बी आणून लावलं. आदर लाकडाचा नव्हता. ज्याच्या सावलीत सम्यक संबोधी झाली, त्या घटनेच्या स्मरणाचा होता.

आता खुद्द बोधगयेला काय झालं ते पाहा. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८६२ साली ते झाड पाहिलं तेव्हा एकच मोठं खोड हिरवं होतं, बाकीच्या फांद्या साल गळून कुजल्या होत्या. १८७५ पर्यंत झाड पार खंगलं आणि १८७६ साली वादळात उरलेला भागही कोसळला. परंतु लोक शहाणे होते. झाड पडायच्या आधीच त्याचं बी गोळा केलेलं होतं, रोपं तयार होती. १८८१ साली नवं झाड लागलं. आज जगभरचे बौद्ध ज्याच्यापुढे हात जोडतात, ते हेच. त्याच्या आधी राजा शशांकाने झाड तोडल्याची आणि पूर्णवर्म्याने ते पुन्हा वाढवल्याची हकिकत युआन श्वांगने लिहून ठेवली आहे. म्हणजे झाड गेलं, पण परंपरा तुटली नाही.

श्रीलंकेत अनुराधपूरला याहून वेगळं चित्र दिसतं. संघमित्रा थेरींनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात नेलेली फांदी तिथं लावली गेली आणि ते झाड आजही उभं आहे. त्याच्या म्हाताऱ्या फांद्यांना टेकू दिलेले आहेत. दोन हजार वर्षांहून जास्त काळ पिढ्यान् पिढ्या माणसांनी त्याची राखण केली. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही श्रीलंकेतल्या त्या झाडाचाच वंश आहे. तेव्हा वेळेवर केलेला खर्च वाया जातो, असंही म्हणता येणार नाही.

तिसरं उदाहरण कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं. वादळांनी तो मोडला, बुंध्याला बुरशीने कीड लावली. १९२५ साली मूळ खोड कापून काढावं लागलं. आज तो वड मूळ खोडाशिवाय पारंब्यांवर जगतो आहे. मेलेला भाग काढला म्हणून जिवंत भाग वाचला.

आता तुम्ही म्हणाल, ही मोठी मोठी झाडं. आपल्या पिंपळाचा इतिहास तो काय? बडोद्याला कमाटी बागेत एक वड होता. इतर वडांसारखाच एक. २३ सप्टेंबर १९१७ रोजी बाबासाहेब त्याच्याखाली बसले. परदेशात शिकून आलेल्या त्या माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नव्हती. तिथं त्यांनी समाजाच्या मुक्तीचा संकल्प केला आणि ती जागा आपल्यासाठी संकल्पभूमी झाली. २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने तिला राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक करण्याची शिफारस केली. झाडाला मोठेपण माणसाच्या कार्याने येतं. आपल्या पिंपळाखाली शिकलेली मुलं काय करतात, त्यावर त्याचं मोठेपण ठरणार आहे.

आता व्यवहाराचं बोलू. खोड पोकळ झालं म्हणजे झाड मेलं, असं नाही. झाडाचा जिवंत भाग सालीखालच्या पातळ थरात असतो. आतलं लाकूड गेलं तरी झाड पुष्कळ वर्षं जगू शकतं. पोकळीत सिमेंट भरायची जुनी रीत मात्र चुकीची. आत पाणी साठतं आणि कूज वाढते. मुळांना हवा-पाणी लागतं, आणि आपण सर्वांनी हौसेने बांधलेल्या पाराची फरशी अगदी बुंध्याला भिडली आहे. पताकांसाठी ठोकलेले खिळे, मुळाशी लावलेल्या मेणबत्त्या, हेही झाडाला सोसत नाही.

म्हणून समितीचं म्हणणं असं आहे. पहिलं, वनस्पतीशास्त्र जाणणाऱ्या माणसाकडून झाड तपासून घ्यायचं. दुसरं, बुंध्याभोवतीची फरशी काढून माती मोकळी करायची, शेणखत घालायचं, खिळे काढायचे. हे श्रमदानाने होईल. तिसरं, वाळलेली फांदी नगरपालिकेची रीतसर परवानगी घेऊन उतरवायची. खाली लेकरं खेळतात, तिथं हयगय नको. तिला आणि लागलाच तर टेकूला, एवढाच विहाराच्या फंडातून खर्च. चौथं, हिरव्या फांदीची आत्ताच रोपं करायची. फांदीचं रोप म्हणजे तेच झाड, बीचं रोप म्हणजे त्याचं लेकरू. ती शाळेच्या मैदानात, मोकळ्या जागेत लावू. घराच्या भिंतीजवळ नको, पिंपळाची मुळं भिंत फोडतात. अभ्यासिकेसाठी आलेलं दान अभ्यासिकेलाच लागेल, त्यातला एक रुपयाही इकडे वळणार नाही.

आणि एवढं करूनही झाड गेलं तर? सब्बे सङ्खारा अनिच्चा हे आपण दर पौर्णिमेला ऐकतो. मेलेल्या खोडाला रंग फासून, लोखंडात जखडून उभं ठेवायचं, हे आपल्याला शोभणार नाही. झाडाला दोरे बांधून नवस करणं जसं बाबासाहेबांनी आपल्याला सोडायला लावलं, तसाच लाकडाचा मोहही सोडायचा. जिवंत आहे तोवर सेवा करायची, गेलं की वंदन करून उतरवायचं आणि त्याच जागी त्याचंच रोप लावायचं. अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, ते वाटसरूंना आणि गुराढोरांना सावली मिळावी म्हणून. सावली पुढच्यांना मिळाली पाहिजे, हीच खरी कसोटी.

येत्या रविवारी सकाळी घमेलं-पहार घेऊन प्रत्येक घरातून एक माणूस अंगणात यावा, ही विनंती. तरुणांनी तर यावंच. अभ्यासिकेच्या खिडकीतून सावली याच झाडाची येते.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम! नमो बुद्धाय!