संगणकाचा पहिला वर्ग
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



संगणकशास्त्र कसे शिकवावे याविषयी डॉक्टराने बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आपल्या अनेक घरांतून आम्ही एकच तक्रार ऐकत आलो आहोत. मुलगी विद्यापीठात संगणकाचा पहिला विषय घेते आणि सहा आठवड्यांत, ‘हे माझ्या डोक्यात शिरणारे नाही’, असे म्हणून सोडून देते. वर्गातील चार मुले पहिल्या दिवसापासून घडाघडा उत्तरे देत असतात. उरलेली गप्प बसतात.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस व ॲलन फिशर यांनी १९९० नंतरच्या दशकात या गप्प बसणाऱ्यांचा, विशेषतः मुलींचा, अभ्यास केला. उणीव बुद्धीची नव्हती. घरातला संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असे आणि तो वर्षानुवर्षे त्याच्याशी खेळलेला असे. विद्यापीठाने नवख्यांसाठी निराळी वाट केली, प्रवेश देताना पूर्वानुभवाचे वजन कमी केले. १९९५ साली या शाखेत प्रवेश घेणाऱ्यांत मुली शेकडा ७ होत्या. २००० साली शेकडा ४२.

कॅलिफोर्नियातील हार्वी मड महाविद्यालयाच्या अध्यापकांनी २००६ च्या सुमारास हाच विचार पुढे नेला. पहिल्या वर्गात जावाऐवजी पायथन ही सुटसुटीत भाषा आली. वर्गाच्या दोन तुकड्या झाल्या आणि त्यांना महाविद्यालयाच्या रंगांवरून नावे मिळाली. पाटी कोरी असणाऱ्यांची ‘सोनेरी’, आधी प्रोग्रॅम लिहिलेल्यांची ‘काळी’. ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे दिली असती तर काय झाले असते, हे या सभागृहात सांगणे न लगे! जो विद्यार्थी वर्गात आपले ज्ञान पाजळी, त्याला अध्यापक एकांतात गाठीत. तुझा उत्साह आम्हास आवडतो, परंतु त्याने इतर दबतात. ही चर्चा आपण दोघे वर्गाबाहेर करू, असे त्यास सांगत. अपमान कोणाचाच नाही. आम्हास या साऱ्या प्रयोगातील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुढे काही वर्षांतच तेथे संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचे प्रमाण सुमारे शेकडा १० वरून ४० वर गेले.

यावर ‘दर्जा खालावतो’ असा आक्षेप येतोच. तो आपणा मंडळींच्या फार जुन्या परिचयाचा आहे. वस्तुतः दोन्ही तुकड्यांचे विद्यार्थी पुढील अभ्यासक्रमात एकाच वर्गात बसत. आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात गेलो तेव्हा डॉक्टरांच्या घरची मुले ‘फीमर’, ‘थोरॅक्स’ हे शब्द लहानपणापासून ऐकून आलेली होती. आम्हास ते तेथेच प्रथम भेटले. पहिल्या सहामाहीत ती हुशार ठरली, आम्ही मंद. वॉर्डात रुग्णांपुढे उभे राहिल्यावर मात्र हा फरक कोणास दाखवता आला नसता. अध्यापकाने पूर्वपरिचयाला बुद्धी समजणे, हे आमच्या मते चुकीचे निदान होय. आणि चुकीच्या निदानाची किंमत कोण मोजतो, हे आम्ही रोज पाहतो.

तेव्हा पालकहो, मुलांसोबत विद्यापीठ पाहण्यास जाल तेव्हा वसतिगृहाबरोबर हेही विचारावे : पहिल्या वर्गात नवख्यांची तुकडी निराळी आहे काय? आणि विद्यार्थी मित्रहो, पहिल्या चाचणीत गुण कमी पडले, तर विषय सोडण्याचा अर्ज भरण्यापूर्वी अध्यापकांच्या भेटीच्या वेळेत एकदा जाऊन बसा. ती वेळ अभ्यासक्रमाच्या पत्रकावर छापलेली असते, आणि बहुधा दाराबाहेर रांग नसते.