निश्चयक आणि साडेतीन गुंठे

मागच्या भागात मॅट्रिक्सचे गुणाकार झाले, आज डिटर्मिनंट. दहावीच्या बीजगणितात क्रेमरच्या पद्धतीत भेटलेला निश्चयक तो हाच. तिरका गुणाकार, वजाबाकी, मार्क खिशात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तो तीन बाय तीन, चार बाय चार होऊन परत येतो आणि सोसायटीतली पोरं विचारतात, "दादा, किती गणितं सोडवली की पक्कं होईल?"

माझं मत विचाराल तर पन्नास नकोत. दहाच सोडवा, पण प्रत्येक पायरीला क्षेत्रफळाचं काय झालं ते तोंडाने बोला.

मी सूसला राहतो. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं, तरी जमिनीचं बोलणं अजून गुंठ्यातच चालतं. समजा, टेकडीच्या बाजूला एक तिरका प्लॉट आहे. एक कोपरा शून्य धरला, तर तिथून निघणाऱ्या दोन बाजू (२०, ५) आणि (६, २०), मीटरमध्ये. समोरच्या बाजू यांना समांतर. निश्चयक काढा: ४०० वजा ३०, म्हणजे ३७० चौरस मीटर. गुंठा साधारण १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे साडेतीन गुंठ्यांहून थोडं जास्तच.

आता दुसऱ्या ओळीतून पहिलीची ०.३ पट वजा करा. दुसरी ओळ होते (०, १८.५). प्लॉटची समोरची बाजू पायाला समांतर नुसती सरकली; पाया तोच, उंची तीच. २० गुणिले १८.५, परत ३७०!

इथेच खरी गोम आहे. एका मुलीचा याच विषयाचा बॅकलॉग आहे, पेपर तोंडावर आलाय. दशांश नको म्हणून ती 'दुसरीची दहापट वजा पहिलीची तिप्पट' असं करते. ओळ येते (०, १८५), उत्तर ३७००. दुसऱ्या ओळीला दहाने गुणलं की क्षेत्रफळही दहापट होतं, शेवटी दहाने भागायलाच हवं. समीकरणं सोडवताना ही युक्ती चालते, म्हणून हात सवयीने तिकडेच जातो. सातबाऱ्यावर अशी दहापट झाली तर भाऊबंदकीच पेटेल!

दोन ओळींची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं, तेही लिहून ठेवा.

आणि हो, तिरक्या रेघांची युक्ती तीन बाय तीनपुरतीच. चार बाय चारला २४ पदं लागतात, रेघांनी आठच मिळतात. दहा बाय दहाचा विस्तार केला तर ३६,२८,८०० पदं! म्हणून आमची सॉफ्टवेअर लायब्ररीसुद्धा ओळींच्या वजाबाक्याच करते.

घरचा अभ्यास: कोपरे (०, ०), (२०, ५), (२६, २५), (४, १८). या वेळी समोरासमोरच्या बाजू समांतर नाहीत. कर्ण काढून दोन त्रिकोण करा, प्रत्येकाचा निश्चयक निम्मा घ्या. उत्तर पुढच्या भागात.